माशाचं कपाळ

लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई विचारते, "तुम्ही काय करता?" मी सांगते, "पाणी तपासते." ती म्हणते, "मग आमच्या बोअरचं बघा की एकदा, लई क्षार हायत." मी मान डोलावते आणि बोलणं जिलबीकडे वळतं. खरं उत्तर पंगतीत देण्यासारखं नाही. मोजूनमापून मासे मारणं, हे माझं काम होतं. 'होतं' म्हणते, कारण आता ते बरंच कमी झालंय. कसं कमी झालं, तेच इथे सांगायचं आहे.

मी मूळची कर्नाटकातल्या भालकी तालुक्यातल्या मेहकरची. प्राणिशास्त्र शिकले गुलबर्ग्याला. पाटीवर कलबुर्गी झालं तरी आमच्या तोंडी गुलबर्गाच आहे. नोकरी लागली ती बिदरबाहेरच्या एका खाजगी प्रयोगशाळेत. कुणी नवं कीटकनाशक, रंग किंवा धुण्याची पावडर बनवली, की ती विकण्याआधी एक गोष्ट दाखवून द्यावी लागते: हा माल उद्या ओढ्यात-तळ्यात गेला, तर तिथल्या जिवांचं काय होईल? ते आम्ही बघतो.

पूर्वापार पद्धत साधी आहे. काचेच्या टाक्या ओळीनं मांडायच्या. पहिलीत नुसतं स्वच्छ पाणी. पुढच्या प्रत्येकीत तपासायचं रसायन, आधीच्यापेक्षा थोडं जास्त. सगळ्या टाक्यांत सारखेच मासे सोडायचे आणि चार दिवस बघायचं. किती रसायनाला निम्मे मासे मरतात, तो आकडा काढायचा. स्वच्छ पाण्यातले मासे शेवटी ठणठणीत असतात, पण त्यांनाही परत साठ्याच्या टाकीत सोडता येत नाही. लवंगेच्या तेलाच्या पाण्यात त्यांना कायमचं झोपवायचं. त्या दिवशी खोलीला मसालेभाताचा वास येतो. घरी लवंग चालते का, असं मला एकीनं विचारलं होतं. चालते. मसालेभातही करते. घरच्यांना जेवायला लागतं.

मी हळवी नाही, हे आधीच सांगून टाकते. नदीकाठच्या गावातल्या माणसांनी आणि गुरांनी प्यायचं पाणी कुणीतरी तपासायला हवं, आणि ते नीट तपासायला हवं. एवढाच माझा धर्म. पण उगाच मारणं मला आवडत नाही. उगाच काय आणि गरजेचं काय, हे मला पहिल्यांदा एका गिऱ्हाइकानं विचारायला लावलं.

गुलबर्ग्याचे बसवराजअण्णा. तुरीचे व्यापारी, लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पायात करकर वाजणारी चप्पल. सीताफळाच्या बियांची भुकटी करून त्यांनी तुरीवरच्या अळीचं औषध बनवलं होतं. नमुन्याची बाटली टेबलावर ठेवून म्हणाले, "हे बघा म्याडम, रिपोर्ट पाहिजे. पण माझ्या नावानं एक मासा मरायचा न्हाई."

"अण्णा, अळी मारायचं औषध घेऊन आलात आणि माशाची काळजी?"

"अळी तुरीवर बसती. माशानं माझं काय खाल्लं?"

एक रस्ता होता, आणि तो नियमांत बसत होता. माशांना आधी विचारायचंच नाही. आधी पाण्यातल्या शेवाळाला विचारायचं, मग पाणपिसवांना. पाणपिसू म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा, पाण्यात उड्या मारणारा जीव. माशांच्या पिलांचं ते जेवण. ह्या दोघांतलं जे लवकर बिघडतं, ते कितीला बिघडतं हे काढायचं. मग फक्त तेवढ्याच एका प्रमाणात थोडे मासे ठेवून बघायचे. मासे जगले, तर माशाआधी पाणपिसू मरते हे सिद्ध झालं. टाक्यांची पुढची सगळी रांग मांडायची गरज उरत नाही.

अण्णांच्या औषधानं शेवाळाला काही केलं नाही. पाणपिसवांच्या उड्या मात्र लवकरच थांबल्या. मासे जगले. मी फोनवर सांगितलं तर अण्णा खूश; नंतरच्या लवंगेच्या पाण्याचं मी सांगितलं नाही. अहवाल हातात पडल्यावर तणतणत आले.

"बाटलीवर लिहायचं म्हंता, पाण्यातल्या जिवांना घातक? पिसवांपायी?"

"पिसवा मेल्या की माशांची पोरं उपाशी मरतात, अण्णा. फवारणीचा पंप विहिरीवर धुऊ नका, एवढीच ओळ टाका."

अण्णांनी अहवाल परत उघडला. मग म्हणाले, "कन्नडात टाकू का मराठीत?"

"शेतकरी दोन्ही वाचतात."

दोन्हींत टाकली, आणि कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. तेव्हापासून शक्य त्या प्रत्येक कामात मी माशांना शेवटी विचारू लागले.

आता गुरम्माक्का. बिदरजवळच्या कमठाण्याची. माझ्यापेक्षा वयानं मोठी, घरचं बोलणं कानडी, बाहेरचं मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. तीही अण्णांसारखी बसवण्णांना मानणारी, विभूती लावणारी. आमच्याकडे ती लागली झाडूफरशीला. घरात मासळीचा वास कधी शिरलेला नाही, त्यामुळे माशांच्या खोलीत पहिल्या दिवशी आली ती पदर नाकाला लावूनच. टाकीसमोर उभी राहिली आणि पदर खाली आला.

आमचा मासा करंगळीएवढासुद्धा नसतो. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत निळे आडवे पट्टे. आपल्याच देशातल्या ओढ्यांतला हा मासा, जगभरच्या प्रयोगशाळांत जाऊन बसला.

"आडवे पट्टे लावल्यात की ह्यांनी," गुरम्माक्का म्हणाली. "हे तर आमच्यातलंच दिसायलंय."

तिच्या हातात काहीतरी होतं. जाळी पाण्यात घातली तरी मासे दचकायचे नाहीत. पुढे साठ्याची सगळी देखभाल तिच्याकडे आली. तोवर आम्ही मासे बाहेरून विकत आणायचो. मग एका वर्षी ठरलं, आपणच पैदास करायची. ह्या माशांची एक वाईट खोड आहे: सकाळी दिवा लागला की अंडी घालतात आणि लगेच स्वतःच खातात. म्हणून टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्या पसरायच्या. अंडी फटींतून खाली जातात, आईबापांचं तोंड पोचत नाही. गोट्या आणल्या गुरम्माक्कानंच, कमठाण्याच्या जत्रेतून. त्या गोट्यांखालून तिनं अंडी वेचली, पिलं निघाली, त्यांना बारीक भुकटी चारली, पाणी बदललं. आजारी सुनेचं करावं तसं केलं. आमचा घरचा पहिला साठा तिनं वाढवला. मी रोज सकाळी विचारायची, "काय म्हणतात पोरं?" ती सांगायची, "खायलेत."

साठा मोठा झाला की त्याची एक परीक्षा असते. ती समजून घ्यायला हवी, कारण सगळं तिथेच घडलं. हे मासे भरवशाचे आहेत ना, जेवढ्या विषाला मरायला हवं तेवढ्याला मरतात ना, हे बघायचं. त्यासाठी एखादं ओळखीचं विष घेतात. आम्ही मोरचूद घ्यायचो. शेतकऱ्यांना ठाऊक असलेलं तेच निळं मोरचूद. साठ्यातले थोडे मासे मोरचुदाच्या टाक्यांत सोडायचे. नेहमीच्या प्रमाणाला मेले तर साठा पास. नाही मेले तर साठा बाद, आणि बाद साठा म्हणजे सगळेच्या सगळे लवंगेच्या पाण्यात.

ह्या परीक्षेचं मला नेहमी वाईट वाटायचं. इथे गिऱ्हाईक नाही, नवं रसायन नाही, कुणाच्या विहिरीचा प्रश्न नाही. मासे अजून मरतात का, एवढं बघायला मासे मारायचे. ही परीक्षा अंड्यांवर घेता येईल, असं मी हैदराबादच्या मुख्य कचेरीला कळवलं होतं. तिकडून उत्तर आलं: चाललंय ते चालू द्या.

परीक्षेच्या खोलीत गुरम्माक्का कधी गेली नव्हती. त्या दिवशी जाळीनं मासे सोडणारा मुलगा रजेवर होता, आणि तिचा हात हलका म्हणून मीच तिला मासे सोडायला सांगितलं. ते कशासाठी, हेही सांगितलं. तिनं जाळी घेतली. मासे सोडून झाल्यावर म्हणाली, "मी जरा थांबू का इथं?" मी म्हटलं थांबा, आणि फोन घ्यायला बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सगळे मासे जिवंत. तिसऱ्या दिवशीही. शेवटच्या टाक्यांतले, जिथे मोरचूद सगळ्यांत जास्त असतं, तिथलेही शेपट्या हलवत फिरतायत.

आमच्याकडे दर्जा तपासायला बशीरभाई आहेत. बिदरचेच, जुन्या शहरातले, चष्मा कायम कपाळावर. नोंदी बघून म्हणाले, "म्याडम, ये तो पत्थर के मछल्यां हैं. साठा बाद करना पडता."

तो शब्द गुरम्माक्कानं दारातून ऐकला. "बाद म्हंजे?"

मी सांगितलं. सगळे.

तिनं दाराची चौकट धरली. "ते जगलेत म्हणून?"

"हो. जगायला नको होते, म्हणून."

ती साठ्याच्या खोलीत निघून गेली. मी पाण्याच्या नोंदी काढून बसले. दगडाचे मासे नसतात. काहीतरी पाण्यातच असणार. पाणी नेहमीपेक्षा जड, म्हणजे जास्त क्षारांचं झालं होतं आणि त्याची आम्लता उतरली होती, आणि तेही सगळ्या टाक्यांत, अगदी मोरचूद नसलेल्या पहिलीतसुद्धा. आधी मला वाटलं, गाळणी बिघडली. ती ठीक होती. मग मी बॅटरी घेऊन टाकीच्या तळाशी उजेड मारला. काचेवर पांढरी, पिठासारखी बारीक साय बसली होती.

ही साय मी कुठे पाहिली होती? उत्तर पलीकडच्या खोलीत माशांना भुकटी चारत होतं. कपाळावर तीन आडवे पट्टे.

मी जाऊन समोर उभी राहिले. "गुरम्माक्का, टाक्यांत काही टाकलं का तुम्ही?"

"व्हय," ती म्हणाली. जरासुद्धा न चाचरता. "इभूत टाकली."

"कामून?" माझ्या तोंडून घरचा शब्द निघाला.

"कामून म्हंजे? मरायला निघालेल्याला आमच्यात कपाळाला इभूत लावत्यात. तुमीच म्हणलाव, हे मरणारेत. तसंच कसं जाऊ द्यायचं? पोटच्यावानी वाढवलेत." मग जरा थांबून म्हणाली, "आता माशाला कपाळ कुठं असतंय, काय ठावं? म्हणून पाण्यात सोडली. चिमूट-चिमूट. सगळ्याला सारखी."

सगळ्यांना सारखी. परीक्षेचा पहिला नियम तिनं पाळला होता.

विभूतीची गोळी म्हणजे राख आणि चुनखडी. पाण्यात पडली की पाणी जड होतं आणि मोरचुदातलं तांबं धरून तळाशी बसवतं. जे विष माशांच्या कल्ल्यांत जायचं, ते साय होऊन काचेवर बसलं होतं. निरोप द्यायला म्हणून टाकलेल्या चिमटीनं माशांना वाचवलं होतं, आणि त्या वाचण्यामुळेच आता सगळा साठा मरणार होता.

हे मी तिला समजावून सांगितलं. समजायला तिला वेळ लागला नाही. पेल्यातली भुकटी खाली ठेवून ती स्टुलावर बसली.

"म्हंजे माझ्या इभुतीपायी हे सगळे..."

"तुम्ही टाकलीत असं लिहिलं, तर परीक्षा रद्द होते, साठा वाचतो. पण परीक्षेत बाहेरची वस्तू घातली, ही मोठी चूक धरतात. तुमची नोकरी जाऊ शकते."

"मग लिवा की!" ती माझ्यावरच खेकसली. "बसलाव कामून? माझं नाव लिवा, गावाचं लिवा. नोकरी काय, कमठाण्यात खुरपं हाय. ह्यांनी कुठं जावं?"

मी लिहिलं. बशीरभाईंनी वाचलं, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि परत वाचलं. हसतील असं मला वाटलं होतं. हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "इनों को परीक्षा के कमरे का काम सिखाए थे?"

"नाही."

"अंदर कौन भेजे?"

"मी."

"तो फिर गलती इनों की नक्को लिखो. सिखाए बगैर भेजे, वो लिखो. गलती हमारे तरीके की." आणि स्वतःच्या हातानं त्यांनी तसं लिहिलं. हैदराबादहून माझी कानउघाडणी झाली, ती रास्तच होती. गुरम्माक्काची नोकरी राहिली. परीक्षेच्या खोलीत काय चालतं नि काय चालत नाही, हे तिला रीतसर शिकवायचं ठरलं.

पण परीक्षा रद्द म्हणजे परीक्षा पुन्हा. पुन्हा थोडे मासे, पुन्हा मोरचूद. हे मी गुरम्माक्काला सांगितलं तेव्हा ती भांडली नाही. नुसतं म्हणाली, "ह्या खेपेला दुसऱ्या कुणाला सोडायला सांगा." मला ते भांडणापेक्षा जड गेलं.

त्या दुपारी मी हैदराबादला फोन लावला. म्हटलं, "सगळी पद्धत नव्यानं लिहायचीच आहे, तर ही परीक्षा अंड्यांवर घेऊ द्या. अंडी रोज मिळतात, गोट्यांखाली रोज वाया जातात. पिलू स्वतः खायला लागायच्या आत तपासणी संपते. तोवर त्याला पुरता प्राणी धरत नाहीत. मासे हवेत अशी आपल्या ह्या परीक्षेला कुणाची सक्ती नाही, सवय आहे." पलीकडून विचारणा झाली, खर्च किती? मी म्हटलं, कमीच. टाक्यांऐवजी तळहाताएवढी खणांची तबकडी लागते. होकार आला. माशांच्या दयेपोटी आला नसेल. मला चालतं.

पहिली तबकडी लावली त्या दिवशी मी गुरम्माक्काला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. प्रत्येक खणात एक अंडं, काचेच्या मण्यासारखं आरपार. आत वाकून बसलेलं पिलू. तिनं एक डोळा मिटला, दुसरा लावला, आणि झटकन मागे झाली.

"म्याडम, ह्याचं काळीज उडायलंय!"

"हो. दिसतं ते."

"मग जीव हायच की."

"जीव आहे. पण त्याला अजून दुखत नसावं, असं म्हणतात."

"म्हंतंय कोन?"

"ज्यांनी अभ्यास केला ते."

"अंड्यांनी सांगितलं व्हय त्यास्नी?"

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "नाही. पण चार दिवस कल्ले उघडे टाकून तडफडणारा मासा मी पाहिलाय, आणि हेही पाहिलंय. ह्यात कमी आहे. बिलकूल नाही असं काही माझ्याकडे नाही." ती परत वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. मग उठून, हात धुऊन, तिनं स्वतःच दुसऱ्या तबकडीची अंडी वेचायला घेतली. कपाळाकडे हात गेला, तसा खाली आणला. "शिकवलंय मला," ती म्हणाली, "न्हाई टाकत."

अंड्यांनी साठा पास केला.

सगळं बदललं असं समजू नका. काही कामांना नियम अजून पूर्ण मासे मागतात. ती आम्ही करतो, आणि त्या दिवशी खोलीला मसालेभाताचा वास येतो. कल्ल्यांच्या नुसत्या पेशी काचेत वाढवून त्यांच्यावर तपासायची पद्धतही आली आहे. ती आमच्याकडे यावी म्हणून मी मागे लागले आहे. निवृत्तीआधी येईल. आणवीन.

पण आमच्या ह्या खोलीत एक गोष्ट मी त्याआधी कधी पाहिली नव्हती: म्हातारा मासा. आमचे मासे म्हातारे व्हायचेच नाहीत. गुरम्माक्काचा तो पहिला साठा अंड्यांसाठी म्हणून राहिला, आणि ह्या वर्षी त्यांचे पट्टे फिके पडायला लागले. एकाची पाठ वाकली. तो जेवायला सगळ्यांच्या मागून यायचा, आणि गुरम्माक्का त्याच्या कोपऱ्यात वेगळी चिमूट टाकायची. एका सकाळी तो गोट्यांवर आडवा पडलेला दिसला. विष नाही, रोग नाही. वय झालं होतं.

नियमाप्रमाणे मेलेला मासा तपासून, नोंद करून जाळायच्या पिवळ्या पिशवीत टाकायचा असतो. मी तो ओल्या कागदावर घेतला, तपासला, नोंद केली. गुरम्माक्का शेजारी उभी होती. हलली नाही.

"आता तर परीक्षा न्हाई ना कसली?"

"नाही."

"पाण्यातबी न्हाई."

"नाही."

तिनं कनवटीची पुडी सोडली, करंगळीचं टोक विभूतीत बुडवलं आणि कागदावर वाकली. बोट वरच्या वर थांबलं.

"म्याडम, तुमी शिकलेल्या. कपाळ कुठं धरायचं ह्याचं?"

इतकी वर्षं मी ह्या माशांची लांबी मोजली, वजनं केली, कल्ले मोजले. हे कुणी विचारलं नव्हतं. मी चिमटा घेतला आणि दोन डोळ्यांच्या मधोमध, जरासं वर, टोक टेकवून दाखवलं.

"इथे."

करंगळीचं टोक त्या कपाळापेक्षा मोठं होतं. मी दिवा जवळ ओढला, आणि तिला नीट दिसावं म्हणून भिंग धरून उभी राहिले.